सरळ रेषा आणि जुनी वाट : वॉटकिन्स ह्यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा

काही ग्रंथांचा सिद्धान्त पंडितांनी कधीच स्वीकारलेला नसतो आणि तरीही तो लोकमानसातून पुसला जात नाही. ॲल्फ्रेड वॉटकिन्स ह्यांचा 'द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक' हा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या वर्गातला होय. एका शतकानंतर त्याचा पुन्हा विचार करावयाचा, तो केवळ त्याचे खंडन करण्याकरिता नव्हे. ते पूर्वीच झाले आहे. बुद्धिमान, प्रामाणिक आणि कष्टाळू मनुष्य पुराव्याच्या मार्गावर नेमका कोठे घसरतो, हे ह्या ग्रंथाइतके स्पष्ट दाखविणारे उदाहरण विरळा. संशोधनाच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व आहे ते ह्यामुळे.

१

वॉटकिन्स (१८५५–१९३५) हे इंग्लंडच्या पश्चिम सीमेकडील हेरेफर्डचे रहिवासी. कुटुंबाच्या मद्यनिर्मितीच्या व्यवसायानिमित्त त्यांनी तो परगणा पायांखाली घातला होता. छायाचित्रणासाठी त्यांनी तयार केलेल्या प्रकाशमापकामुळे त्यांचे नाव त्या क्षेत्रात सर्वत्र झाले होते. ३० जून १९२१ रोजी ब्लॅकवर्डाइन येथे असताना नकाशावरील काही प्राचीन स्थाने एका सरळ रेषेत येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी वूलहोप ह्या स्थानिक निसर्गाभ्यासक मंडळापुढे आपले म्हणणे मांडले. १९२२ मध्ये ते पुस्तिकारूपाने आले आणि तीन वर्षांनी प्रस्तुत ग्रंथात विस्तारले.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रागैतिहासिक ब्रिटनमध्ये प्रवास व व्यापार ह्यांकरिता एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे नजर लावून सरळ मार्ग आखले जात. मृदाराशी, उभे पाषाण, टेकड्यांच्या माथ्यावरील खाचा, नदीचे उतार आणि तळी ह्या त्या मार्गांच्या खुणा. हातात दोन काठ्या घेतलेले मोजणीदार त्यांची आखणी करीत. पुढे ह्याच खुणांच्या जागी चर्च आणि किल्ले उभे राहिले. स्थलनामांच्या अंती वारंवार येणाऱ्या एका पदावरून त्यांनी अशा रेषेला 'ले' असे नाव दिले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वॉटकिन्स ह्यांच्या सिद्धान्तात गूढ असे काही नव्हते. मीठ, भांडी ह्यांसारखा माल वाहून नेणाऱ्या माणसांच्या गरजेतून त्यांनी आपली कल्पना रचली होती. रेषा योगायोगाने पडत असतील, ही शंकाही त्यांना सुचली होती; नकाशावरील चर्चची स्थाने आणि यदृच्छेने मांडलेल्या तितक्याच खुणा ह्यांची तुलना करून तिचे निरसन करण्याचा त्यांनी यत्नही केला. दोष प्रामाणिकपणात नव्हता. तो पद्धतीत होता.

२

पहिला दोष पुराव्याच्या निवडीचा. नवाश्मयुगीन मृदाराशी, लोहयुगीन गिरिदुर्ग, नॉर्मन किल्ला आणि मध्ययुगीन चर्च ह्यांच्यामध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे. हे सर्व एकाच रेषेचे बिंदू मानावयाचे, तर प्रत्येक उत्तरकालीन वास्तूखाली प्राचीन स्थान होते असे गृहीत धरावे लागते. काही ठिकाणी ते खरेही आहे : रड्स्टनच्या चर्चच्या आवारात प्रागैतिहासिक पाषाणस्तंभ उभा आहे आणि नोल्टनचे पडके चर्च एका प्राचीन वर्तुळाकार तटबंदीच्या आत आहे. परंतु दोन स्थळी जे सिद्ध होते, ते शेकडो स्थळी मानून चालणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच आधी धरून चालणे होय.

दुसरा दोष गणिताचा आहे आणि तोच निर्णायक आहे. एका नकाशावर १०० स्थाने असली, तर त्यांतून दोन-दोनांच्या ४,९५० जोड्या होतात, तीन-तीनांचे १,६१,७०० गट होतात आणि चार-चारांचे ३९,२१,२२५ गट होतात. चारांच्या लाख गटांपैकी एकच योगायोगाने सरळ रेषेजवळ आला, असे धरले तरी नकाशावर सुमारे ३९ रेषा आपोआप उमटतील. रेषेची रुंदी थोडी वाढविली किंवा खुणांच्या यादीत एखादा प्रकार अधिक घातला, की ही संख्या झपाट्याने वाढते. वॉटकिन्स ह्यांच्या यादीत तर झाडांचे विशिष्ट समूहही होते. तेव्हा रेषा सापडल्या ह्यात आश्चर्य नाही. त्या सापडल्या नसत्या तर ते आश्चर्य ठरले असते. टॉम विल्यम्सन व लिझ बेलामी ह्यांनी १९८३ मध्ये 'ले लाइन्स इन क्वेश्चन' ह्या ग्रंथात ह्या मताची सविस्तर तपासणी करून ते निराधार ठरविले. २०१० मध्ये मॅट पार्कर ह्या गणितज्ञाने वूलवर्थ्स ह्या बंद पडलेल्या दुकानांच्या सुमारे ८०० स्थानांतून तशाच अचूक रेषा काढून दाखविल्या. ती दुकाने कोणा प्राचीन मोजणीदाराने आखली, असे कोणी म्हणणार नाही.

तिसरा दोष काळाचा. ससेक्समधील विल्मिंग्टन येथे टेकडीच्या उतारावर कोरलेली, दोन्ही हातांत दंड धरलेली प्रचंड मानवाकृती वॉटकिन्स ह्यांना आपल्या मोजणीदाराचे चित्र वाटली. २००३ मधील उत्खननातून मात्र ती इसवी सनाच्या सोळाव्या-सतराव्या शतकातील असावी असे दिसून आले. ज्या साक्षीदाराला प्राचीन म्हणून उभे केले, त्याचे वयच अर्वाचीन निघाले.

३

सिद्धान्ताचे पुढील चरित्र अधिक बोधप्रद आहे. 'ॲन्टिक्विटी' ह्या नियतकालिकाचे संपादक ओ. जी. एस. क्रॉफर्ड ह्यांनी ह्या ग्रंथाची जाहिरातही छापण्यास नकार दिला. उपेक्षा हे खंडन नव्हे, हे येथे दिसून आले. पंडितांनी मोकळे सोडलेले क्षेत्र इतरांनी व्यापले. १९६१ मध्ये टोनी वेड ह्यांनी ह्या रेषांचा संबंध उडत्या तबकड्यांशी जोडला. १९६९ मध्ये जॉन मिशेल ह्यांच्या 'द व्ह्यू ओव्हर अटलांटिस' ह्या ग्रंथाने त्यांना भूमीतून वाहणाऱ्या शक्तिप्रवाहांचे रूप दिले. व्यापाऱ्याची वाट अशा रीतीने गूढविद्येची रेषा झाली. वॉटकिन्स ह्यांचे म्हणणे निदान खणून पाहता येण्यासारखे होते; त्यांच्या वारसांचे तेवढेही राहिले नाही.

प्राचीन लोक सरळ वाट बांधीतच नसत, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. सॉमरसेटच्या दलदलीत १९७० मध्ये सापडलेली 'स्वीट ट्रॅक' ही फळ्यांची वाट जवळजवळ दोन किलोमीटर लांब असून बरीच सरळ आहे. वृक्षवलयांच्या गणनेवरून तिचे लाकूड इ. स. पू. ३८०७–३८०६ च्या हिवाळ्यात तोडलेले ठरते. येथे वाट प्रत्यक्ष हाती लागली आहे. बिंदू जोडून ती कल्पावी लागत नाही.

४

ह्याच प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी महाराष्ट्रातील वाचकाला परिचित आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) ह्या ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांची स्थाने, सूक्ष्मास्त्रे, बौद्ध लेणी आणि जुने मार्ग ह्यांचा परस्परसंबंध शोधला. तेही स्थाने आणि वाटा जोडीत होते. परंतु कोसंबी स्वतः गणितज्ञ असूनही त्यांनी पट्टी नकाशावर ठेवली नाही. ते त्या वाटा चालले, दगडी हत्यारे वेचली, धनगरांना व गावकऱ्यांना विचारले. त्यांची वाट सरळ नाही. ती डोंगराच्या कडेने, पाण्याच्या आणि चराईच्या सोयीने वळते. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य व्हावेत असे नाही. पण ते खोटे ठरविण्याचा मार्ग त्यांनीच खुला ठेवला आहे.

हा भेद आज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. केदारनाथापासून रामेश्वरापर्यंतची काही शिवस्थाने एकाच रेखांशावर आहेत, असे अलीकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. त्या यादीतील काळेश्वर आणि तिरुवानैक्कावल ह्यांच्या रेखांशांत एका अंशाहून अधिक, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. आणि सोमनाथ, काशी, उज्जैन, त्र्यंबकेश्वर ही स्थाने यादीतून का वगळली, ह्याला कोणताही नियम नाही. श्रद्धेला रेषेची गरज नसते आणि इतिहासाला अशा रेषेचा उपयोग नसतो.

वॉटकिन्स ह्यांनी आपल्या वाचकांना घराबाहेर पडून टेकड्या, पाषाण आणि पाणवठे पाहावयास शिकविले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र ते शेतात उतरले ते नकाशावर आधी काढलेली रेषा सोबत घेऊन. नकाशावरील रेषा हा प्रश्न असू शकतो. त्याचे उत्तर जमिनीतूनच यावे लागते.