धूरतपासणीचे प्रमाणपत्र : एक मापनशास्त्रीय चिकित्सा

वाहनांच्या धुराची तपासणी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ अन्वये होते. तिच्या प्रमाणपत्राची विश्वसनीयता हा केवळ परिवहन खात्याचा प्रश्न नव्हे. तो मापनशास्त्राचाही आहे. प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन असे की, येथे उपकरणापेक्षा नमुना आणि परीक्षेची स्थिती यांचीच चिकित्सा अधिक आवश्यक आहे.

पेट्रोलचे वाहन उभे करून, एंजिन नुसते चालू ठेवून, धूरनळीत शोधनळी घालतात. ओढून घेतलेल्या वायूतून अवरक्त किरण जाताना कार्बन मोनॉक्साइड ४.६ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषून घेतो. त्यावरून त्याचे प्रमाण निघते. हे तत्त्व निर्दोष होय. परंतु शोधनळी पुरेशी आत गेली नाही, किंवा सायलेन्सरला भोक असले, तर बाहेरची हवा मिसळून आकडा आपोआप उतरतो. यावर ताळा सोपा आहे. हवा न मिसळलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज सुमारे १५ टक्के भरते. समजा, भारत स्टेज ४ च्या मोटारीत पहिला ०.२४ व दुसरा ९.७६ टक्के आढळला. बेरीज १० झाली; म्हणजे नमुन्याचा एक तृतीयांश भाग बाहेरच्या हवेचाच. दुरुस्त आकडा ०.३६ येतो, आणि ०.३ च्या मर्यादेत उत्तीर्ण झालेली मोटार वस्तुतः अनुत्तीर्ण ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डिझेल वाहनाची परीक्षा गिअर न घालता, एंजिनाची गती एकदम वाढवून होते. धूरमापक केवळ धुराची अपारदर्शकता सांगतो. नत्राची ऑक्साइडे तीत मोजलीच जात नाहीत. ही ऑक्साइडे ज्वलनाचे तापमान चढले म्हणजे, अर्थात एंजिनावर भार पडला म्हणजे, विपुल निर्माण होतात. मलकापूरहून बुलढाण्यास येणारा भरलेला ट्रक राजूर घाट चढतो, किंवा खामगावहून येणारा बोथा घाटातून ज्ञानगंगा अभयारण्य ओलांडतो, तेव्हाची एंजिनाची स्थिती तपासणी केंद्रातील स्थितीहून सर्वस्वी भिन्न असते. प्रमाणपत्र घाटातील धुराविषयी काहीच सांगत नाही. आपण मात्र ते घाटासही लागू धरतो.

स्थितीभेदाने निष्कर्ष किती पालटतो, हे अमेरिकेत दिसून आले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने चालत्या मोटारींवर उपकरणे बसवून केलेल्या मापनातूनच २०१५ साली फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींच्या मान्यतेसाठी रस्त्यावरील मापन आवश्यक झाले. जुन्या ट्रकांच्या नित्य तपासणीत मात्र त्यास स्थान नाही.

यास्तव प्रत्येक प्रमाणपत्रावर दोन्ही वायूंची बेरीज छापावी, आणि घाटांतून भारवाही वाहनांचे मापन अभ्यासकांनी हाती घ्यावे. जे मोजले नाही त्याची ग्वाही देणे, हा शास्त्राचा धर्म नव्हे.