विमानातलं इंटरनेट : गिऱ्हाईक नेमकं कोण?

आजचा विषय ऐकायला जरा हवेतला वाटेल, आणि तो आहेही. विमानात मिळणाऱ्या इंटरनेटचा धंदा. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं धंद्याचंही करता येतं, असं आम्हाला वाटतं. काय कबूल केलं होतं, काय दिलं, आणि मधली तूट कुणाच्या खिशातून भरली गेली, एवढं पाहायचं.

या धंद्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते : सुरुवातीला इंटरनेट महाग होतं, संथ होतं, मग तंत्रज्ञान सुधारलं, आता ते वेगवान झालं आणि बऱ्याच ठिकाणी फुकटही झालं. प्रगतीची सरळ रेषा. आमचं म्हणणं असं, की ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट तंत्रज्ञानाची नाहीच. या लोकांना वीस वर्षं आपलं गिऱ्हाईक कोण हेच ठरवता आलं नाही, ती ही गोष्ट.

सुरुवात बोइंगपासून करू. विमानं बनवणाऱ्या या कंपनीनं २००० साली ‘कनेक्शन बाय बोइंग’ नावाचा उद्योग जाहीर केला. २००१ च्या उन्हाळ्यात अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तीन बड्या विमानकंपन्या भागीदारीला तयार झाल्या. सप्टेंबरात न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवर हल्ले झाले, विमानकंपन्यांचं कंबरडं मोडलं आणि तिघीही बाहेर पडल्या. बोइंग थांबलं नाही. मे २००४ मध्ये लुफ्थान्साच्या म्युनिक ते लॉस एंजेलिस विमानात ही सेवा पैसे घेऊन सुरू झाली. लांबच्या प्रवासाला दर साधारण ३० डॉलर. पुढे जपान, कोरिया, सिंगापूरच्या कंपन्या आल्या. आणि ऑगस्ट २००६ मध्ये बोइंगनं हा उद्योग बंद करत असल्याचं जाहीर केलं. अपेक्षा होती तसा बाजार उभाच राहिला नाही, असं कंपनीनं स्वतः सांगितलं. बंद करण्यापोटी ३२ कोटी डॉलरपर्यंतचा बोजा हिशेबात धरला होता.

यावर नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे ‘काळाच्या पुढे होते’. आयफोन २००७ चा, तेव्हा लोकांच्या हातात स्मार्टफोन नव्हते, लॅपटॉप काढणार किती जण? यात तथ्य आहे. पण ‘काळाच्या पुढे’ हे शब्द बुडालेल्या धंद्याला वाहिलेल्या हारासारखे असतात. हार घातला की चौकशी थांबते. आपण चौकशी चालू ठेवू.

बोइंगचं यंत्र चालत होतं. अडचण भाड्याची होती. उपग्रहावरची क्षमता भाड्यानं घ्यावी लागते. अटलांटिकवर त्या घटकेला तुमची दहा विमानं असोत की शंभर, भाडं तेच. एसटीची गाडी रिकामी धावली तरी डिझेल जळतंच. त्यात विमानावर जड अँटेना बसवायची, तिच्यावर घुमट बसवायचा, त्यानं हवेचा अडथळा वाढतो, म्हणजे इंधन वाढतं. विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्रमाणपत्र काढायचं, आणि काम चालू असेतो विमान जमिनीवर. जमिनीवरचं विमान कमवत नाही. हा सगळा खर्च कशातून भरून काढायचा? तर प्रवाशाच्या तीस डॉलरमधून. म्हणजे भांडवल अब्जांच्या भाषेत, आणि वसुली किरकोळीत.

आता जिथं खरी मेख आहे तिथं थोडं रेंगाळू. अमेरिकेतली गोगो कंपनी. मूळचं नाव एअरसेल. (आपल्याकडच्या एअरसेल मोबाइलशी काही संबंध नाही, लगेच विचारणारे असतात म्हणून सांगतो.) यांनी उपग्रहाची भानगडच टाळली. २००६ मध्ये अमेरिकी सरकारच्या लिलावात ३ मेगाहर्ट्झचा पट्टा ३ कोटी १३ लाख डॉलरला घेतला आणि जमिनीवर नव्वदच्या आसपास टॉवर उभारले. आपल्या मोबाइलचे टॉवर खाली माणसांकडे पाहतात, यांचे वर आभाळाकडे पाहायचे, आणि अँटेना विमानाच्या पोटाला. स्वस्त, हलकं, हुशारीचं काम. समुद्रावर चालणार नाही हे उघड, पण अमेरिकेच्या आतल्या प्रवासाला पुरे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सवर सेवा सुरू झाली; लांबच्या उड्डाणाला १२.९५ डॉलर.

हा ३ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे किती? तर एका अख्ख्या विमानाला मिळून सेकंदाला साधारण ३ मेगाबिट. हे सगळ्या प्रवाशांत वाटायचं. समजा दीडशे जणांपैकी दहा जणांनी पैसे भरले, तर त्यांची मेल पाहून होते. तीस जणांनी भरले, की तिसांचंही रखडतं. नीट लक्षात घ्या, हा किती विचित्र धंदा आहे. भेळवाल्याकडे गर्दी वाढली तर रांग लागते, भेळ बिघडत नाही. इथं गिऱ्हाईक वाढलं की मालच बिघडतो, आणि आधी पैसे भरलेल्याचाही बिघडतो.

मग गोगोनं काय केलं? दर वाढवले. गर्दीच्या उड्डाणांना, सोमवारी आणि गुरुवारी, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दिवशी, पूर्व किनाऱ्याहून पश्चिम किनाऱ्याला जाताना दर तिशीच्या पुढे गेले. लोक चिडले, लूट म्हणाले. लूट म्हणणं सोपं आहे. आमच्या मते ते कुंपण होतं. दर वाढवायचा तो कमाईसाठी थोडा, आणि लोकांनी आत येऊ नये म्हणून जास्त. २०१३-१४ च्या सुमारास सेवा असलेल्या विमानांत दर शंभर प्रवाशांमागे सहा-सात जण ती विकत घेत होते. या आकड्याला धंद्याच्या भाषेत ‘टेक रेट’ म्हणतात, आणि त्या काळातले विश्लेषक तो कसा वाढेल याची चर्चा करत होते. वाढला असता तर काय झालं असतं हे मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं. तो वाढणं या जाळ्याला परवडणारंच नव्हतं!

बरं, विमानकंपनीची यात भूमिका काय? सुरुवातीच्या करारांत दर गोगो ठरवायची, पैसे गोगो गोळा करायची आणि विमानकंपनीला वाटा द्यायची. म्हणजे विमानकंपनीनं आपल्या घरात एक पोटभाडेकरू ठेवला होता. शिव्या मात्र घरमालकाला. शिवाय करार लांब मुदतीचे, आणि त्या मुदतीत प्रवाशाच्या हातातला फोन तीन-चारदा बदलतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनंच गोगोला टेक्सासच्या न्यायालयात खेचलं. प्रतिस्पर्धी व्हायासॅटची सेवा सरस आहे, तेव्हा करारातल्या कलमानुसार आम्हाला सोडवा, असा दावा. काही दिवसांतच तो मागे घेतला, पण जो संदेश जायचा तो गेला.

गोगो २०१३ मध्ये शेअर बाजारात आली. तेव्हापासून विमानकंपन्यांचा हा धंदा विकेपर्यंत एकाही वर्षी तिला निव्वळ नफा झाला नाही. २०२० मध्ये करोनानं विमानं जमिनीवर बसवली आणि गोगोनं तो ४० कोटी डॉलरला इंटेलसॅटला विकला. गंमत म्हणजे इंटेलसॅट स्वतः त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागून बसली होती. याच क्षेत्रातली ग्लोबल ईगल ही कंपनीही त्याच जुलैत त्याच दारात गेली.

पण गोगोनं एक भाग विकला नाही : खासगी विमानांना इंटरनेट पुरवण्याचा. तेच टॉवर, तोच पट्टा. आणि पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, कंपनी नफ्यात आली. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. खासगी विमानात माणसं मोजकी, त्यामुळे पट्टा पुरतो, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिथं पैसे विमानाचा मालक देतो, महिन्याच्या महिन्याला, विमानात कोण बसलंय आणि त्यानं फोन काढला की नाही याच्याशी संबंध न ठेवता. म्हणजे तोट्याचं खापर एकट्या तंत्रज्ञानावर फोडता येत नाही. बिल कुणाच्या नावानं फाडलं जातं, यानं बराच फरक पडला.

इथून ‘फुकट’च्या प्रकरणाकडे येऊ. जेटब्लूनं २०१३ च्या अखेरीस व्हायासॅटच्या उपग्रहावरून फुकट सेवा द्यायला सुरुवात केली आणि २०१७ च्या आरंभापर्यंत सगळ्या विमानांत दिली. हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचा, जुन्या पद्धतीच्या कक्षेतला. फक्त क्षमता भरपूर. मग डेल्टानं फेब्रुवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या बहुतेक विमानांत फुकट केलं. अट एकच, डेल्टाच्या स्कायमाइल्स योजनेचं सभासद व्हा. सभासदत्वही फुकट. मग अडलंय कुठं?

अडलंय असं, की अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला २०२३ या एका वर्षात सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. कशाचे? मुख्यतः दोघांच्या भागीदारीतल्या कार्डांचे आणि त्यावर मिळणाऱ्या माइल्सचे. ही कार्डं घेणार कोण, तर आधी सभासद झालेला माणूस. आता तीस डॉलर आणि ६.८ अब्ज डॉलर शेजारी ठेवा. तीस डॉलरसाठी प्रवाशाशी वीस वर्षं भांडत बसलेले लोक चुकीच्या गल्ल्यावर बसले होते. विमानातलं इंटरनेट म्हणजे सभासद गोळा करायचं दार आहे, हे डेल्टानं ओळखलं. दारावर कुणी तिकीट लावत नाही.

याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही. प्रवाशाला चांगली सेवा मिळते, तो खूश असतो. पण ‘फुकट’ हा शब्द वापरताना जरा अडखळायला हवं, एवढंच. पूर्वी प्रवासी पैसे देऊन अनोळखी राहू शकत होता, निदान विमानकंपनीपुरता. आता त्याला आधी ओळख द्यावी लागते.

आणि स्टारलिंक. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणारे हजारो उपग्रह. जुन्या कक्षेत संदेश जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागायचा, इथं तो प्रश्न जवळपास मिटतो. हे काम मोठं आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. युनायटेडनं सप्टेंबर २०२४ मध्ये हजारावर विमानांत ते बसवण्याचा करार जाहीर केला, प्रवाशाला फुकट. कतार एअरवेजची विमानंही त्याच वर्षी जोडली जाऊ लागली. पण टाळ्या वाजवताना एक पाहा. रॉकेट त्यांचं, उपग्रह त्यांचे, अँटेना त्यांची, सेवाही त्यांची. गोगोच्या काळात विमानकंपनी पुरवठादाराला न्यायालयात खेचू शकत होती, कारण शेजारी व्हायासॅट उभी होती. आज हजार विमानांच्या पाठीवर एकाची अँटेना चढवल्यावर उद्या दर वाढला तर ती उतरवायला किती दिवस विमानं उभी ठेवणार? दहा वर्षांनी या करारांची नूतनीकरणं होतील तेव्हा विमानकंपन्यांचा आवाज केवढा असेल, याची आम्हाला शंका आहे.

शेवटी आपल्याकडे. भारताच्या हवाई हद्दीत शिरलं की परदेशी विमानांना इंटरनेट बंद करावं लागायचं, हे जुन्या प्रवाशांना आठवत असेल. जानेवारी २०१८ मध्ये ट्रायनं परवानगीची शिफारस केली, वर्षाला परवाना शुल्क एक रुपया असावं असंही सुचवलं, आणि डिसेंबरात नियम आले. सप्टेंबर २०२० मध्ये विस्ताराच्या बोइंग ७८७ मध्ये सेवा सुरू झाली, ती आपल्या नवी मुंबईतल्या महापे इथल्या नेल्को कंपनीच्या आणि पॅनासॉनिकच्या मदतीनं. देशांतर्गत उड्डाणांसाठी एअर इंडियानं १ जानेवारी २०२५ पासून काही विमानांत दिली. तीही तूर्त फुकट म्हणूनच.

मुंबई-दिल्ली म्हणजे दोन-सव्वादोन तास. त्यातून तीन हजार मीटरच्या खालचा वेळ वजा करा, कारण नियम तसा आहे. त्यातून चहा-नाश्ता वजा करा. उरलेल्या दीड तासासाठी, तिकिटात दोनशे रुपये वाचावेत म्हणून चार संकेतस्थळं पालथी घालणारा आपला प्रवासी वेगळे पैसे देईल? आम्हाला वाटत नाही. म्हणजे आपण मधला टप्पा ओलांडून थेट फुकटवर पोचलोय, आणि फुकटचे पैसे कुठून येतात हे आत्ताच पाहिलं. एअर इंडियात जोडणी करताना आडनाव आणि पीएनआर द्यावा लागतो. जोडणीपुरतं ते ठीकच आहे. त्या पीएनआरला पुढे काय काय जोडलं जातं, हा खरा प्रश्न. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमती मागायला सांगतो. दहा किलोमीटर उंचीवर, पट्टा बांधून बसलेल्या माणसासमोर ‘मान्य आहे’ असं एकच बटण असेल, तर त्या संमतीला किती वजन द्यायचं, हे आपल्या नियामकांनी आत्ताच, सेवा थोड्या विमानांत आहे तोवर ठरवलेलं बरं. अमेरिकेत ते कार्डकंपन्यांनी ठरवलं.

इस्रोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये वर गेला. त्याची क्षमता ४८ गिगाबिट, आणि विमानातलं इंटरनेट हा त्याचा एक जाहीर उपयोग. गेला मात्र तो स्पेसएक्सच्या रॉकेटवरून, कारण तेवढं वजन त्या कक्षेत नेणारं रॉकेट आपल्याकडे नव्हतं. त्या क्षमतेचं भाडं कुणी भरायचं, आणि ते पुढं कुणाच्या नावावर टाकायचं, हा हिशेब आपल्यालाही चुकलेला नाही. असो. वेळ झाली आहे, प्रश्न असतील ते घेऊ.