एकाच निगेटिव्हची दोन आकाशं

आजचं बोलणं नव्यानं फोटोग्राफी शिकणाऱ्यांसाठी आहे. शिकवताना आपण तीन धडे वेगळे करतो: आधी कॉम्पोझिशन, मग एक्स्पोजर, शेवटी एडिटिंग. माझं म्हणणं असं की हे तीन धडे नाहीतच. ‘या दृश्यात मला काय महत्त्वाचं वाटलं?’ हा एकच प्रश्न तीनदा विचारायचा असतो. हे तपासायला एकच फोटो पुरेसा आहे. ॲन्सेल ॲडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’, साल १९४१.

चित्रात काय आहे बघा. खाली छोटंसं गाव, एक चर्च, त्यालगतच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस. मागे ढग आणि बर्फाचे डोंगर. वर आकाश, आणि त्यात लहानसा चंद्र.

आधी कॉम्पोझिशन. आपण तिथे असतो तर काय केलं असतं? चंद्र झूम करून मोठा केला असता, नाहीतर चर्चच्या जवळ गेलो असतो. ॲडम्स यांनी दोन्ही लहान ठेवले आणि अर्ध्याहून जास्त फ्रेम आकाशाला दिली. का? कारण विषय चंद्र नाही आणि चर्चही नाही. विषय आहे वरचा एक पांढरा ठिपका आणि खालचे पांढरे क्रूस यांच्यातलं अंतर. ते दिसायचं तर मध्ये रिकामी जागा हवी. फ्रेमचे तीन भाग करा, हा नियम सगळे सांगतात. तो उपयोगी आहे, पण कुठल्या दोन गोष्टींचं नातं दाखवायचंय हे ठरल्याशिवाय नुसत्या रेषा काय करणार?

आता एक्स्पोजर. कोजागरीला गच्चीवरून मोबाइलनं काढलेला चंद्र आठवा. पांढरा गोळा येतो की नाही? कॅमेरा सगळ्या काळोखाचा हिशेब करून फोटो उजळ करतो आणि चंद्र जळून जातो. खरं तर चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड. त्याला जवळपास दिवसाचंच एक्स्पोजर लागतं.

ॲडम्स यांना त्या घाईत लाइट मीटर सापडेना. सूर्य पश्चिमेच्या ढगांआड चालला होता, क्रूसांवरचा उजेड जाणार होता. पण चंद्राची तेजस्विता २५० कँडल प्रति चौरस फूट, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी हिशेब केला: एफ ३२ आणि एक सेकंद. कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा, फिल्म मंद, पुढे फिल्टर, म्हणून पूर्ण सेकंद लागला. दुसरा फोटो घ्यायला फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत ऊन गेलं. निगेटिव्ह एकच मिळाली.

या गोष्टीतलं पाठांतर बघून थक्क व्हायचं तर व्हा, पण शिकायचं ते वेगळंच आहे. त्यांनी सगळ्या दृश्याची सरासरी काढली नाही, चंद्र वाचवायचा हे ठरवलं. त्याची किंमतही मोजली. जमिनीचा भाग निगेटिव्हवर फार पातळ उतरला, इतका की १९४८ साली खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट करावा लागला. एक्स्पोजर म्हणजे काहीतरी राखणं आणि काहीतरी सोडणं.

आणि आता एडिटिंग. इथे मला थोडं भांडायचं आहे. या निगेटिव्हवरून ॲडम्स यांनी पुढच्या काही दशकांत हजाराहून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, वर ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये डार्करूममध्ये जादा प्रकाश देऊन ते पट्टे बुडवले आहेत. आकाश जवळजवळ काळं.

काळ्या आकाशानं फायदा झाला, हे मान्य. दोन पांढऱ्यांचं नातं एकदम उठून दिसतं. पण बरेच जण ही रात्र समजतात. आणि रात्र म्हटली की प्रश्न येतो, क्रूस उजळले कोणी? ते तर मावळतीच्या उन्हानं उजळलेत, आणि तो मावळायला आलेला क्षण हाच या चित्राचा प्राण. माझं मत स्पष्ट सांगतो: एका मर्यादेपर्यंत काळोख चित्राला उचलून धरतो, त्यापुढे तो संध्याकाळच गिळून टाकतो. इतकी मोठी असामी असली तरी हे म्हणायला हरकत नाही.

तुमच्या हातातल्या कॉन्ट्रास्टच्या स्लायडरलाही हेच लागू आहे, बरं का. तो सरकवताना फोटो भारी दिसतोय का, एवढंच विचारू नका. काय नाहीसं झालं, तेही बघा.

करून बघायला एक सोपा अभ्यास देतो. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी सूर्य मावळण्यापूर्वीच चंद्र पूर्वेला वर आलेला असतो. सूर्याकडे पाठ करा. चंद्रासोबत उन्हातलं काहीतरी फ्रेममध्ये घ्या, देवळाचा कळस घ्या नाहीतर पाण्याची टाकी. स्क्रीनवर चंद्राला बोट लावा, मग त्याच्यावरचे डाग दिसेपर्यंत उजेड कमी करा. घरी आल्यावर त्याच फोटोच्या दोन प्रती तयार करा, एक फिकट आणि एक गडद. मग तिथे नसलेल्या माणसाला दोन्ही दाखवा आणि एवढंच विचारा, किती वाजले असतील? उत्तर चुकलं, तर स्लायडर थोडा मागे घ्या.