चौक सुटला, पण कोणासाठी?

चार रस्ते मिळतात असा साधा चौक फळ्यावर काढा. प्रत्येक रस्त्याने येणारे वाहन सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते. हे सारे मार्ग रेषांनी दाखवले आणि रेषा जिथे फुटतात, मिळतात किंवा एकमेकींना कापतात तिथे ठिपके दिले, तर ३२ ठिपके होतात. त्यांपैकी ८ ठिकाणी वाहने वेगळी होतात, ८ ठिकाणी मिसळतात आणि १६ ठिकाणी एकमेकांच्या आडवी येतात. सर्वांत घातक हे १६ छेदनबिंदू. एक रस्ता वर, दुसरा खाली आणि वळणाऱ्यांसाठी वेगळे रॅम्प अशी रचना, म्हणजे इंटरचेंज, करतात ती हे बिंदू नाहीसे करण्यासाठी.

पुण्याच्या चांदणी चौकात हेच करण्यात आले. मुंबई-बंगळूरु महामार्ग, कोथरूडहून मुळशीकडे जाणारा पौड रस्ता आणि बावधन, पाषाण, एनडीएकडचे रस्ते इथे एकत्र येतात. शहर पश्चिमेकडे वाढत गेले आणि एके काळी बाहेरून जाणारा महामार्ग वस्तीच्या मध्ये आला. ऑगस्ट २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे जुना पूल स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ८६५ कोटी रुपयांच्या नव्या रचनेचे उद्घाटन झाले. वाहनांचे छेदनबिंदू कमी करण्याचे अवघड गणित अभियंत्यांनी डोंगरउताराच्या जागेत सोडवले, हे मान्य करायला हवे. आमचा आक्षेप उदाहरण कसे मांडले यावर आहे. उद्घाटन झाले तेव्हा पायी जाणाऱ्याला महामार्ग ओलांडण्यासाठी पादचारी पूल नव्हता. तो हवा, ही मागणी नंतर पुढे आली.

ही उणीव किती मोठी, ते आपण मोजू. एका मार्गिकेची रुंदी साधारण ३.५ मीटर. चार मार्गिका म्हणजे १४ मीटर. वयस्कर माणूस सेकंदाला १ मीटर चालतो असे धरले, तर त्याला १४ सेकंद लागतील. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्यात सुमारे २३३ मीटर अंतर कापते. म्हणजे सुरक्षित ओलांडण्यासाठी तेवढा रस्ता मोकळा हवा, आणि तो मोकळा आहे हे दिसायलाही हवे. वळणदार रॅम्पवर इतके दूरचे दिसत नाही.

आता गर्दीची वेळ घ्या. दोन वाहनांत २ सेकंदांचे अंतर असेल, तर एका मार्गिकेतून तासाला १८०० वाहने जातात. अशा सलग रांगेत १४ सेकंदांची फट मिळणार कोठून? पूर्वी सिग्नल लागला की ती आपोआप मिळे. वाहनाला थांबावे लागू नये अशी रचना केली, की पायी चालणाऱ्याने कायम थांबून राहावे, असा तिचा अर्थ होतो. आराखड्यातून पुसलेला धोका प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतो.

वाहनांचा प्रश्न तरी पुरता सुटतो का? छेदनबिंदू गेले तरी मिसळण्याचे बिंदू उरतात. तासाला १२०० वाहने आणणाऱ्या दोन वाटा एकाच मार्गिकेत सोडल्या, तर येणारी वाहने २४०० आणि पुढे जाऊ शकणारी १८००. तासाभरात ६०० वाहने मागे राहतील. प्रत्येकाला ६ मीटर जागा धरली, तर ही रांग ३.६ किलोमीटर होते. कोंडी चौकातून हलून पुढच्या अरुंद जागी जाते. शिवाय अमेरिकेतील शहरांचा अभ्यास करून ड्यूरँटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवले, की महामार्गाची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात त्यावरची वाहतूकही वाढते. वाढत्या शहराने हे आधीच हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: आराखड्यावर पहिली रेषा पायी चालणाऱ्याची काढावी, दुसरी बसथांब्याची आणि मग रॅम्पची. पूल उभे राहिल्यावर पादचाऱ्यासाठी जागा शोधणे महाग पडते, आणि ती मिळेपर्यंत लोक जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत राहतात.

आपल्या शाळेजवळच्या चौकाचे ठिपके मुलांकडून मोजून घ्या. वाहनांचे झाले, की चालणाऱ्यांचे ठिपके वेगळ्या रंगाच्या खडूने काढायला सांगा. चौकाचा दुसरा हिशेब त्यांना तिथेच दिसेल.