क्रियाशीलता सिद्धांत आणि संगणकीय साधनांचा वापर : ई-पीक पाहणीच्या संदर्भात

संगणकीय साधनांच्या वापराचा अभ्यास बहुधा ‘वापरकर्ते किती’ या प्रश्नापाशीच थांबतो. वायगॉट्स्की व लिओन्तिएव्ह यांच्या विचारांतून विकसित झालेला क्रियाशीलता सिद्धांत मात्र साधनाला नव्हे, तर साधनाद्वारे घडणाऱ्या कार्याला अभ्यासाचे एकक मानतो. एंगेस्ट्रॉम यांनी 1987 मध्ये कर्ता, साधन व उद्दिष्ट यांना नियम, समुदाय आणि श्रमविभागणी यांची जोड दिली.

वाशिमसारख्या सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात या सिद्धांताची उपयुक्तता ई-पीक पाहणीच्या निमित्ताने तपासता येते. गाव नमुना 12 मधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून ती शेतकऱ्याने स्वतः मोबाइल अॅपवरून, पिकाच्या छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. वरकरणी केवळ साधन बदलले. वस्तुतः श्रमविभागणी बदलली. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्यामुळे खातेदार, मोबाइलधारक व प्रत्यक्ष नोंद करणारा या तीन भिन्न व्यक्ती असू शकतात. ‘वापरकर्ता’ या एका शब्दात हे नाते मावत नाही. उद्दिष्टही एक नाही : शासनाला पीकक्षेत्राची आकडेवारी हवी असते, शेतकऱ्याला हमीभावाच्या खरेदीसाठी पुरावा.

हा अंतर्विरोध दाखविणे हे सिद्धांताचे सामर्थ्य होय. परंतु एंगेस्ट्रॉम यांच्या त्रिकोणात सर्व घटक समान पातळीवर दिसतात. नोंद चुकल्यास नुकसान कोणाचे, हा अधिकाराचा प्रश्न अभ्यासकाने स्वतंत्रपणे विचारला नाही, तर सिद्धांताचे उपयोजन केवळ रिकाम्या चौकटी भरण्यापुरते उरते.