टफीचं टपालखातं

'हम आपके हैं कौन'चं परीक्षण आज लिहायचं म्हणजे पंगत उठून तीस वर्षं झाल्यावर मठ्ठ्यात मीठ कमी होतं असं यजमानांना कळवण्यासारखं आहे. पण माझा नाइलाज आहे. १९९४ साली सूरज बडजात्यांचा हा चित्रपट पाहिला तेव्हा मला कुत्र्यांतलं काही कळत नव्हतं. आता घरात कुत्रा आहे, आणि ही तक्रार मी त्याच्या वतीनं करतो आहे.

चित्रपट कसला, तीन तासांहून जास्त चालणारं लग्नकार्यच ते! चौदा गाणी, आणि निम्मं वऱ्हाड आपलं : माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजेसुद्धा आपले विजय पाटीलच. पण मांडवात सगळ्यांत भाव खाऊन गेला तो टफी नावाचा पांढराशुभ्र कुत्रा. हा क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी करतो आणि शेवटी नायिकेनं धाकट्या भावासाठी दिलेली चिठ्ठी, श्रीकृष्णाची प्रेरणा होऊन, थोरल्याला नेऊन देतो. सगळा घोळ मिटतो. चुकीच्या पत्त्यावर पडलेल्या पत्रानं कुणाचं भलं झाल्याचं टपालाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

तेव्हापासून आमच्या सौभाग्यवतींनी जे मनात धरलं होतं, ते मी निवृत्त झाल्यावर आणि मुलगा परगावी गेल्यावर तडीस नेलं. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन मुठींएवढा पांढरा गोळा आला. नाव अर्थातच टफी. "पॉमेरियन आहे," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागलो. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझा कुलाभिमान उतरवला. "काका, हा इंडियन स्पिट्झ. अस्सल पॉमेरियन तीन किलोंच्या आसपास भरतो. इंग्रजांनी जर्मन स्पिट्झ इकडे आणले, त्यांच्यापासून इथल्या उन्हाला टिकणारी ही जात झाली." आपण जन्मभर ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा हाच. पडद्यावरचा टफीही याच जातकुळीतला. आमचा पुढे सात किलोंचा झाला.

मग मी चमत्काराची वाट पाहू लागलो. रोज सकाळी त्याच्या तोंडात चिठ्ठी देऊन "जा, आईला दे" असं सांगायचं. टफी ती कॉटखाली न्यायचा आणि एकान्तात खायचा. एकदा विजेचं बिलही असंच पोचतं झालं. पंचगिरीचं म्हणाल, तर दूधवाला, पेपरवाला आणि माझी मेहुणी या तिघांनाही तो एकाच आवाजात बाद द्यायचा.

अशात फेब्रुवारी आला. नाशकात फेब्रुवारीत द्राक्षं विकत घेणाऱ्याला ओळखीपाळखी नाहीत असं लोक समजतात. कुणीतरी पेटी आणून देतंच. एका संध्याकाळी मी एकेक मणी उडवत होतो आणि टफी तो वरच्यावर झेलत होता. माझी छाती फुगली. आला, पठ्ठ्या सिनेमाच्या वळणावर आला!

रात्री त्याला उलट्या झाल्या. सकाळी तो कॉटखालून बाहेर येईना. बेल वाजली तरी भुंकेना. ते गप्प राहणं हीच त्याची चिठ्ठी होती आणि मी ती "रुसलाय जरा" अशी वाचली. हिनं बरोबर वाचली. त्याला टॉवेलात गुंडाळून ती रिक्षात बसलीसुद्धा. मी मागून चप्पल शोधत गेलो. डॉक्टर माझ्यावर चांगलेच रागावले. द्राक्षं, बेदाणे, मनुका हे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासारखं. किती मण्यांनी बाधेल याचा नेम नाही. एखाद्याला काही होत नाही, एखादा दगावतो. चॉकलेटही वाईटच. तीन दिवस सलाइन लावलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी श्रीकृष्णाला सांगत होतो, बाबा रे, या खेपेला पत्ता चुकवू नकोस.

टफी वाचला.

परवा तो चित्रपट टीव्हीवर पुन्हा लागला. आता माझा अभिप्राय ऐका. बडजात्यांनी एक गोष्ट अगदी अचूक टिपली आहे : ही जात माणसांच्या घोळक्यात रमते. घर भरलेलं असलं की हिला दुसरं काही नको, आणि एकटं ठेवलं की ही जीव पाखडते. चूक पुढे झाली. त्यांनी कुत्र्याला माणसांची भाषा शिकवली. माणसांना कुत्र्याची शिकवायची राहिली. सगळे त्याच्याशी बोलतात, त्याच्याकडून कामं करून घेतात, पण इतक्या मोठ्या खटल्यात "टफी जेवला का?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

चिठ्ठीचा प्रसंग आला. हिचे डोळे नेमानं पाणावले. आमचा टफी माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. तो उठला, स्वयंपाकघरात जाऊन आला आणि माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला. मी मुकाट्यानं उठलो. त्याचं पाण्याचं भांडं कोरडं होतं.

"पोचलं वाटतं पत्र," पडद्यावरची नजर न काढता ही म्हणाली.