रहस्यकथेतील कर्ता : बाबूराव अर्णाळकरांच्या निमित्ताने

आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'अ स्कँडल इन बोहेमिया' (१८९१) या कथेत शेरलॉक होम्सच्या हाती एक निनावी पत्र येते. त्यातील एका वाक्यात क्रियापद अखेरीस गेलेले पाहून, पत्रलेखक जर्मन असला पाहिजे, असे अनुमान होम्स करतो. हे वाक्य मराठीत कसे आणावयाचे? क्रियापद शेवटी येणे ही मराठीची सहज रीत असल्यामुळे भाषांतर जितके निर्दोष, तितका पुरावा नष्ट. पात्रांना धोतर नेसविले आणि बेकर स्ट्रीटच्या जागी गिरगाव घातले, की रहस्यकथेचे रूपांतर पुरे झाले, हा आपल्या समीक्षेतील रूढ समज येथेच अडखळतो.

बाबूराव अर्णाळकर (१९०६–१९९६) यांच्या वाट्याला या समजाचा सर्वांत मोठा भाग आला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू ही पात्रे घरोघर पोहोचविली. धनंजय आणि छोटू यांच्यावर होम्स-वॉटसन यांची छाया आहे, एवढे नोंदवून अभ्यासक पुढे जातात. छाया आहेच. परंतु ती कोणत्या भाषेवर पडली आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

रहस्यकथेतील मुख्य गुपित म्हणजे कर्ता. मराठीचे व्याकरण हे गुपित कोठे फोडते व कोठे राखते, ते पाहण्यासारखे आहे. ही दोन वाक्ये प्रस्तुत लेखकाने उदाहरणादाखल रचली आहेत : 'कोणीतरी आत शिरला' आणि 'कोणीतरी उंबरठा ओलांडला'. क्रिया एकच. पण पहिल्या वाक्यात कर्तरी प्रयोगामुळे क्रियापद कर्त्याचे लिंग सांगून टाकते, तर दुसऱ्यात कर्मणी प्रयोगामुळे ते उंबरठ्याच्या लिंगवचनानुसार चालते व कर्ता पुरुष की स्त्री, हे झाकलेलेच राहते. म्हणजे मराठीत खुनी येताना उघडा पडतो आणि खून करताना सुरक्षित असतो! इंग्रजी क्रियापद दोन्ही वेळा मौन पाळते. तेथे गुपित फुटावयाचे ते सर्वनामापाशी.

सर्वनामाची अडचण मराठीतही आहेच. 'कोणीतरी आले' असे म्हणून नपुसकलिंगाचा आश्रय घेता येतो, परंतु पुढच्याच वाक्यात 'ते' म्हटले की वाचकाला मांजर आठवते, नाही तर कोणी आदरणीय गृहस्थ. 'व्यक्ती' हा शब्द त्याहून सोयीचा. तो नित्य स्त्रीलिंगी असल्यामुळे मिशाळ पुरुषालाही 'ती व्यक्ती' म्हणता येते. मात्र सलग चार वाक्ये 'ती', 'तिने', 'तिला' असे चालले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे नकळत एक स्त्री उभी राहते. लेखक अक्षरही खोटे न लिहिता वाचकाला चकवू शकतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम सांगितले, त्यांचा रोख वाचकाशी प्रामाणिक राहण्यावर आहे. मराठी लिंगव्यवस्थेने दिलेली ही पळवाट त्या नियमांत बसते की नाही, हा वादाचा विषय होईल. प्रस्तुत लेखकाच्या मते ती बसते.

अर्णाळकर या सूक्ष्मतेचे कारागीर होते, असा दावा येथे नाही. 'कोणी केले?' यापेक्षा 'आता हा कसा सुटणार?' हा प्रश्न त्यांच्याकडे अधिक बलवान असतो. झुंजार व काळा पहाड यांच्या कथांना वेग हवा असतो, कोडे नव्हे. नावेही पाहावीत : 'काळा' हे विकारी विशेषण नायकाचे लिंग प्रथमच जाहीर करते, आणि 'चौकटची राणी' हे शीर्षक तर पान उलटण्यापूर्वीच स्त्रीकडे बोट दाखविते. परीक्षा घ्यावयाची ती धनंजयाच्या शोधकथांवर. रहस्योद्घाटनापूर्वीच्या पानांत कर्मणी व भावे प्रयोगांचे प्रमाण वाढते काय, 'व्यक्ती', 'आकृती', 'सावली' हे शब्द कोणासाठी योजिले जातात, हे मोजता येईल. एकाच लेखकाची, एकाच प्रकारातील एवढी मोठी गद्यसामग्री मराठीत विरळा. ती स्वस्त कागदावर छापली गेली होती, हे ध्यानात ठेवून मोजणी लवकर व्हावी.

हे काम कोणी करावे, याविषयी एक सूचना. ज्या अर्णाळ्यावरून लेखकाने टोपणनाव घेतले, ते वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्याच्या डोंगराकडील टोकाला जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत. तेथील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी वारली, कोकणा, ठाकूर वा महादेव कोळी समाजाची बोली असते आणि छापील मराठी त्यांना शाळेत भेटते. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला 'शिरला' आणि 'ओलांडला' यांतील भेद श्वासासारखा अंगवळणी पडलेला असल्यामुळे तो दिसतच नाही. ज्याने प्रमाण भाषा जाणीवपूर्वक कमावली, त्याला तो दिसण्याचा संभव अधिक. त्याने धनंजयाची एक कथा घेऊन प्रथम केवळ क्रियापदे अधोरेखित करावीत, आणि नंतर तोच प्रसंग आपल्या बोलीत सांगून कर्ता तेथे कोठे लपतो, ते पाहावे.